तीन बोटं समास

काळाचौकीला आमच्या चाळीत तळमजल्यावर रुपाली घाडीगावकरची खाणावळ होती. तिच्या मोरीशेजारच्या भिंतीला एक तारेचा आकडा होता, लाइटबिलं अडकवायला असतो तसा. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेलं टोक. पण त्यावर लाइटबिल एकही नव्हतं. होते ते सगळे हॉस्पिटलचे कागद. कुणाचा पिवळा पडलेला, कुणाच्यावर डाळीचा थेंब सुकलेला.

गावाहून ऑपरेशनसाठी आलेला माणूस परळच्या हॉस्पिटलातून सुटला की त्याच्या हातात एक कागद ठेवतात. काय खायचं, काय नाही, किती खायचं. माणूस ते वाचतो आणि घाबरतो. मग तो कागद घेऊन रुपालीकडे यायचा. रुपाली तो एकदा वाचायची, चूल बारीक करून पुन्हा वाचायची, आणि आकड्याला अडकवायची. तेवढंच. पुढे तो माणूस जितके दिवस जेवेल तितके दिवस त्याचं ताट त्या कागदाप्रमाणे. विचारायला लागायचं नाही, आठवण करून द्यायला लागायची नाही. माझाही कागद त्या आकड्यावर होता. छातीचं ऑपरेशन झालं त्या वर्षीचा.

मी लवू. वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावची खोली आहे. देवगडाकडच्या आमच्या गावातला कुणीही मुंबईला आला की त्या खोलीत पथारी टाकतो. त्याची ट्रंक भिंतीला आणि त्याचं जेवण खाली घाडीगावकरांकडे, ही रीत माझ्या बापाच्या काळापासूनची. तेव्हा खाणावळ रुपालीची सासू लक्ष्मीकाकी चालवायची. गिरणीतले लोक पाळीप्रमाणे यायचे, पाट टाकून बसायचे, आमटीचा भुरका मारायचे आणि उठायचे. गिरण्या गेल्या, माणसं बदलली, पाट जाऊन टेबलं आली. रुपाली लग्न होऊन आली ती थेट त्या चुलीसमोर. पंचवीस वर्षं तिनं दोन्ही वेळा तीस-तीस माणसं जेवू घातली. जेवण बाराला म्हणजे बाराला. घड्याळ बंद पडलं तर आम्ही तिच्या फोडणीवरून वेळ लावायचो.

मग चाळ पाडायची ठरली. नवी इमारत उभी राहीपर्यंत सगळ्यांना शिवडीला चौदाव्या मजल्यावर तात्पुरत्या खोल्या मिळणार होत्या. लिफ्ट होती, संडास घरात होता, गॅलरीतून खाडी दिसायची. फक्त एक कलम होतं, खोलीत कुठलाही धंदा करायचा नाही. मे संपायच्या आत चाळ रिकामी करायची होती. गाववाले आधीच पांगले. कुणी डोंबिवलीला गेला, कुणी विरारला. जानेवारीत तीस पानं होती, फेब्रुवारीत नऊ राहिली.

रुपालीचा नवरा राजेश रे रोडला लाकडाच्या वखारीत होता. भला माणूस, कमी बोलणारा. त्याच्या पगारात घर कसंबसं चाललं असतं. पण रुपाली एकदा भांडं विसळता विसळता मला म्हणाली, "लवूकाका, घरापुरता कुकर लावायला वीस मिनिटं लागतात. उरलेल्या दिवसाचं मी काय करू, सांगा."

त्याच आठवड्यात तिला जाहिरात सापडली. कोथिंबीर गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रात होती. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहार विभागाच्या स्वयंपाकघराला सुपरवायझर हवा होता. रुग्णांच्या जेवणाचा अनुभव हवा, शिक्षण किमान दहावी. सोमवारी सकाळी दहाला प्रत्यक्ष यायचं होतं. येताना स्वतःची माहिती आणि आपण या कामाला योग्य का आहोत हे सांगणारं पत्र आणायचं होतं. मराठी चालेल, पण एकच पान. हे 'एकच पान' जाड अक्षरात होतं.

पहिला मजकूर तिनं खाणावळीच्या टेबलावरच लिहिला. लक्ष्मीकाकी शेजारी बसून सांगत होती. काकी सत्याहत्तरची, कानानं पक्की, तोंडानं त्याहून पक्की.

"लिव गो, 'मायबाप, मी गरीब बाई, तुमचे लय उपकार होतीत.' तुझ्या सासऱ्यान तसोच अर्ज केलो, लागलो मा मिलात?"

"आये, ता मिल होता. ह्या हॉस्पिटल."

"मिल काय नि हॉस्पिटल काय. मागणाऱ्यान वाकान मागूचा."

रुपालीनं वाकून लिहिलं. गरीब, गरजू, चाळ तुटणार, सासू म्हातारी, आपण कृपावंत. पान भरलं. वाचून तिचा तिलाच कंटाळा आला. मग ती कोपऱ्यावर हितेंद्रच्या दुकानात गेली.

हितेंद्रचं दुकान म्हणजे चार फूट रुंदीचं गाव. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधारकार्डाला प्लास्टिक, लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रिका, सगळं एका स्टुलावर बसून. त्यानं तिचा मजकूर दोन ओळी वाचला आणि बाजूला ठेवला.

"वहिनी, हे राहू द्या. फॉरमॅट रेडी आहे आपल्याकडे. नाव टाकायचं, पोस्ट टाकायची, खल्लास. दोनशे लोकांना दिलाय."

"लागले का ते?"

"लागले नसते तर परत आले असते ना ओरडायला?"

दोन मिनिटांत कागद हातात. 'मी एक ध्येयवादी, कष्टाळू व सकारात्मक व्यक्ती असून दबावाखाली काम करण्याची क्षमता माझ्यात आहे. आपल्या नामांकित संस्थेच्या प्रगतीत माझा सिंहाचा वाटा असेल.' चारी बाजूंनी नक्षीची चौकट. वहिनी आहेत म्हणून चौकट फुकट.

तो कागद घेऊन ती फणसवाडीला गेली. तिथं सुमतीबाई धुरंधर राहतात. पाठारे प्रभूंचं जुनं घर. एके काळी त्या गल्लीत त्यांच्या दोन इमारती होत्या, आता दुसऱ्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. सुमतीबाई चौतीस वर्षं फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण अजून बोलताना बोटं टेबलावर हलत असतात. त्यांचे पती मनमोहन मूत्रपिंडाच्या आजारानं खाटेला खिळले तेव्हा तीन वर्षं त्यांचा डबा काळाचौकीहून जायचा. ही ओळख कुणी करून दिली ते आता कुणाला आठवत नाही. रिकाम्या डब्यात सुमतीबाई चिठ्ठी ठेवायच्या. 'आज पडवळ दोनदा मागितलं.' 'आज जेवले नाहीत, दोष डब्याचा नाही.' चिठ्ठी बोटाएवढी असली तरी तारीख उजवीकडे आणि डावीकडे मोकळी जागा.

मनमोहन गेल्यावर त्या स्वतः डबा परत करायला आल्या होत्या. घासून, पुसून, आत साखरेचा खडा ठेवून.

सुमतीबाईंनी चष्मा लावला, हितेंद्रचा कागद वाचला, चष्मा काढला.

"ही ध्येयवादी व्यक्ती कोण गं?"

"मी, बाई."

"तुला मी इतकी वर्षं ओळखते. हिला मी ओळखत नाही. आणि सिंहाचा वाटा? सुपरवायझरनं सिंहाचा वाटा खाल्ला तर पेशंट काय खातील?"

रुपाली हसली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पहिला कागदही पुढे केला, गरीब आणि गरजू असलेला. तो वाचून मात्र सुमतीबाईंनी थट्टा केली नाही.

"हे बघ. तुला काय हवंय ते त्यांना ठाऊक आहे, जाहिरात त्यांनीच दिलीय. तुझ्यामुळे त्यांना काय मिळणार, ते त्यांना ठाऊक नाही. ते लिही."

"माझ्याकडे काय आहे बाई लिहायला? सर्टिफिकेट नाही, डिप्लोमा नाही. स्वयंपाक केला, बस."

"बस? मनमोहनच्या भाजीचं तू काय करायचीस?"

"काय करायची म्हणजे? चिरून कोमट पाण्यात दोन तास ठेवायची. ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात शिजवायची. डॉक्टरांनी लिहिलं होतं."

"आणि खोबरं?"

"खोबरं कुठलं. त्यांना नारळ बंद होता. तीन वर्षं वेगळं वाटण घातलं. आधी फार कठीण गेलं, बाई. आमच्यात नारळाशिवाय हातच चालत नाही."

सुमतीबाईंनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "आत्ता बोललीस ते लिही. जसंच्या तसं."

तीन दुपारी गेल्या त्या पत्रात. रुपाली बाराचं जेवण उरकून बस पकडायची आणि चारला परत यायची. एका पानात बसवायचं म्हणजे वाक्यं कमी करावी लागत, आणि प्रत्येक वाक्य काढताना तिला अंगावरचा दागिना काढल्यासारखं व्हायचं. सुमतीबाई जागेवरून हलत नसत. उजवीकडे तारीख. डावीकडे 'प्रति' आणि पत्ता. मग विषय, तो एका ओळीत, दोन ओळींचा विषय म्हणजे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही त्याला काय हवंय. तीन परिच्छेद. सहीला जागा. सहीखाली नाव, नावाखाली फोन. आणि चारी बाजूंना तीन बोटं समास.

"तीन बोटं?" रुपालीनं कागदावर आपली बोटं ठेवून पाहिली. कांदा चिरून चिरून जाड झालेली. "एवढी जागा रिकामी? तिथं अजून चार ओळी बसतील."

"बसतील. पण माणसाचा अंगठा कुठे बसेल? कागद हातात धरून वाचतात. धरायला जागा ठेवायची. माझे सॉलिसिटर म्हणायचे, समास म्हणजे वाचणाऱ्याला दिलेली खुर्ची."

आकड्यावरचे सगळे कागद जोडावेत असं रुपालीच्या मनात होतं. सुमतीबाईंनी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच्या दुखण्याचे कागद त्याला विचारल्याशिवाय वाटायचे नाहीत. किती जण होते ते लिही, कागद घरी. संध्याकाळी खाणावळीत तिनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मी हात धुऊन उठलो, आकड्यावरून माझा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "मला विचारलंस असं समज. मग घे. माझं दुखणं आहे, मी कुणालाही दाखवीन."

पत्र तयार झालं ते असं. त्यातला मधला भाग मला पाठ आहे.

'मी काळाचौकी येथे पंचवीस वर्षे खाणावळ चालवते. दररोज दोन वेळा तीस माणसांचे जेवण ठरलेल्या वेळी वाढले आहे. आजवर जेवून गेलेल्यांपैकी एक्केचाळीस जण आजारातून उठलेले होते. त्यांचे जेवण मी डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे केले. मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला तीन वर्षे डबा दिला. त्यात मीठ मोजून घातलेले असे आणि नारळ अजिबात नव्हता. मी मालवणी आहे. नारळ सोडणे मला सोपे गेले नाही, परंतु एक दिवसही चूक झाली नाही.

माझ्याकडे पदविका नाही. मला जे येते ते मी आपल्या स्वयंपाकघरात करून दाखवू शकते.'

शेवटी 'आपली विश्वासू' आणि 'सोबत' म्हणून दोन गोष्टी. दहावीची गुणपत्रिका, आणि एका रुग्णाचा आहाराचा कागद, त्यांच्या परवानगीने.

शनिवारी ते छापायला ती हितेंद्रकडे गेली. तो कागद पाहून हळहळला.

"वहिनी, किती जागा वाया! अक्षर मोठं करतो, चौकट टाकतो, पेज भरल्यासारखं दिसेल."

"चौकट नको. तीन बोटं मोकळं सोडा."

"कुणाची तीन बोटं? तुमची की माझी?"

"माझी," रुपाली म्हणाली.

तिनं खरोखरच स्क्रीनवर बोटं ठेवून माप दिलं. प्रत एकच काढली. रविवार, दुकान बंद. सोमवारी दहाला मुलाखत.

सोमवारी सकाळी रुपाली न्हाऊन, हिरवी साडी नेसून आली तेव्हा पत्र टेबलावर नव्हतं. ते देव्हाऱ्यापुढे पाटावर होतं. चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीची बोटं उमटलेली. लक्ष्मीकाकी हात जोडून डोळे मिटून बसली होती.

"आये! ह्या काय केलंस?"

काकीनं सावकाश डोळे उघडले. "काय म्हणजे? शुभ कामाचो कागद तसोच कोरो धाडतत? पत्रिकेक लायतत, नव्या वहीक लायतत. चारी कोनांक हळद लायली. मदी कुकवाचो टिपको लायतलंय होतंय, पण मदी अक्षरां होती म्हणान नाय लायलंय."

मी दारात उभा होतो. साडेआठ वाजले होते. हितेंद्रचं शटर साडेदहाच्या आत वर जात नाही. रुपालीनं फळीवरून कात्री घेतली.

"हळदीक कातर लायतंस?" काकीचा आवाज एकदम बदलला. त्यात राग नव्हता, भीती होती. "अगो, असा नको करू. अपशकून तो. माका बोल काय बोलाचा ता, पण कातर नको लाव."

कात्री रुपालीच्या हातात तशीच राहिली. मी आजपर्यंत तिला सासूवर चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि वाटलं, आज पाहतो. पण ती पत्र उचलून खिडकीशी गेली, उजेडात धरलं आणि वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं कात्री खाली ठेवली.

"काका, इकडे या. वाचा."

मी वाचलं. हळद ओली होती, पसरली होती, कोपऱ्यांतून आत आली होती. पण तीन बोटांच्या आत एकही अक्षर नव्हतं. तारखेपासून दोन बोटं अलीकडे थांबली होती हळद. फोन नंबराच्या अलीकडे थांबली होती. सुमतीबाईंनी वाचणाऱ्याच्या अंगठ्यासाठी सोडलेल्या जागेत लक्ष्मीकाकीचा अंगठा उमटला होता, आणि सगळं पत्र मधोमध कोरडं होतं.

"जातंय, आये," रुपाली म्हणाली आणि काकीच्या पाया पडली. काकीनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर ओरडली, "लवू, बघतंस काय? जा तिच्यावांगडा! एकटी जातली ती?"

हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर लांब बाकं होती. सोळा-सतरा जण बसलेले. कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या प्लास्टिकचा फोल्डर. माझ्या शेजारच्या मुलीच्या मांडीवरचा कागद मला दिसला. नक्षीची चौकट. पलीकडच्या माणसाकडेही तीच चौकट. मी मान वाकडी करून वाचलं. ध्येयवादी, कष्टाळू, सकारात्मक. त्याच्या पुढच्याकडेही सिंहाचा वाटा. हितेंद्रचे सहा सिंह मी त्या बाकावर मोजले आणि मला एकदम धीर आला.

रुपालीचं पत्र मात्र मांडीवर पिवळं झगमगत होतं. एका बाईनं तोंडाला रुमाल लावून विचारलं, "लग्नाची पत्रिका आहे का?" आणि दोघी-तिघी हसल्या. रुपालीनं पत्र उलटं केलं नाही. बोटांनी कोपरे झाकलेही नाहीत. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली, पदर खोचला आणि आत गेली.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात कधी मिठाचा जादा खडा नसतो.

आत दोघं होते. आहार विभागाच्या प्रमुख मेघना मॅडम, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. शेजारी ऑफिसातले एक साहेब, त्यांचं लक्ष घड्याळाकडे. साहेबांनी पत्र दोन बोटांत धरून उचललं, जसं काही ओलं फडकं.

"हे काय? डाग?"

"डाग नाही, साहेब. हळद आहे. सकाळी सासूबाईंनी देवापुढे ठेवून कोपऱ्यांना लावली. आमच्याकडे चांगल्या कामाच्या कागदाला लावतात."

साहेब हसले. "स्वयंपाकघर स्वच्छ ठेवायची नोकरी मागता आणि अर्जावरच हळद सांडून आणता?"

रुपाली म्हणते, त्या क्षणी गरीब, गरजू, कृपावंत हे सगळे शब्द पुन्हा ओठांवर आले. माफी मागावी आणि निघावं. पण तिची नजर पत्रावर गेली आणि तिला आपली बोटं आठवली, हितेंद्रच्या स्क्रीनवर टेकवलेली.

"सांडली नाही, साहेब. लावलीय. आणि बघा, एका अक्षराला लागलेली नाही. मी कडेला तीन बोटं जागा मोकळी सोडली होती. स्वयंपाकघरातही मी असंच करते. मिठाचं पातेलं आणि बिनमिठाचं पातेलं यांच्यामध्ये तीन हात मोकळी जागा. डाव वेगळा, झाकण वेगळं, फडकं वेगळं. सांडणारं सांडतं, साहेब. तीस माणसांच्या चुलीवर उडतंच. ते दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये, एवढी जागा आधी सोडायची."

मग मेघना मॅडमनी हात पुढे केला आणि साहेबांच्या बोटांतून पत्र घेतलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. समासात अंगठा ठेवून वाचलं; तो पिवळा झाला, त्यांनी पाहिला आणि तसाच राहू दिला.

"नारळाऐवजी वाटणात काय घालायचात?"

"कांदा भाजून, लसूण, जिरं, थोडी खसखस. रंगापुरतं तिखट, आणि शेवटी लिंबू पिळायचं, आच बंद केल्यावर."

"लिंबू शेवटी का?"

"आधी पिळलं तर वास जातो, मॅडम. मीठ नसलेलं जेवण माणूस नाकानंच जेवतो."

मॅडमनी पान उलटलं. खाली माझा कागद होता. त्यांनी तो जवळ घेतला, दूर धरला, पुन्हा जवळ घेतला.

"ही सही माझी आहे. आठ वर्षांपूर्वीची. या पेशंटला मी मोजून मीठ लिहून दिलं होतं. पुढे काय झालं यांचं? पाळलं का त्यांनी?"

"पाळायला मी त्यांना सोडलं कुठे," रुपाली म्हणाली. "बाहेर बाकावर बसलेत. बोलवू?"

असा मी आत गेलो. आयुष्यात मला बऱ्याच ठिकाणी बोलावलं आहे, पण पुरावा म्हणून पहिल्यांदाच. छाती पुढे काढून उभा राहिलो, टाक्यांची खूण असलेली. मॅडमनी वजन विचारलं, दम लागतो का विचारलं, गोळ्या विचारल्या. मग म्हणाल्या, "आठ वर्षं कुणी हे इतकं पाळत नाही."

"पाळलं नाही, मॅडम," मी म्हणालो. "वाढलं ते खाल्लं."

साहेब या वेळी हसले ते वेगळं हसले.

आलेल्या उमेदवारांपैकी तिघांना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्वयंपाकघरात बोलावलं. प्रत्येकानं बिनमिठाचं वरण आणि एक भाजी करून दाखवायची. रुपालीनं पडवळ निवडलं. मनमोहन धुरंधर दोनदा मागायचे ते. वॉर्डातल्या चार रुग्णांना तिन्ही भाज्या चाखायला दिल्या, आणि त्यांतल्या एका कांजूरमार्गच्या आजोबांनी वाटी परिचारिकेच्या हातात परत देताना विचारलं म्हणे, "ह्यात मीठ घातलंयत ना? चोरून?" शुक्रवारी दुपारी फोन आला. रुपाली तेव्हा नऊ पानं वाढत होती. तिनं फोन कानाला लावून एक हात कमरेवर ठेवून ऐकलं, "हो मॅडम, एक तारखेपासून, हो" म्हणाली, फोन ठेवला, आणि मला म्हणाली, "काका, आमटी घ्या, गार होतेय." मग मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. आम्ही नऊ जणांनी ताटं तशीच ठेवली. ती बाहेर आली तेव्हा लक्ष्मीकाकी हळदीचा डबा घेऊन उभी होती, या वेळी सुनेच्या कपाळासाठी.

रविवारी पेढे घेऊन सुमतीबाई स्वतः टॅक्सीनं काळाचौकीला आल्या. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या.

"माझ्या हळदीन झाला ता," काकी म्हणाली. "देवान बघल्यान."

"देवानं बघितलं असेल हो, पण समास नसता तर देवालाच वाचता आलं नसतं," सुमतीबाई म्हणाल्या. "तुमचा अंगठा थेट फोन नंबरावर बसला असता."

"समास म्हणजे काय?"

"तुमच्या हळदीसाठी सोडलेली जागा."

काकीनं जरा विचार केला. "मगे बरी सोडल्यास," ती म्हणाली आणि पेढा घेतला.

मे महिन्यात चाळ रिकामी झाली. आमच्या गावच्या खोलीतल्या ट्रंका निघाल्या, खाणावळीची टेबलं भंगारवाल्यानं नेली. रुपालीनं भिंतीवरून तेवढा तारेचा आकडा उपटून घेतला. आता ती हॉस्पिटलच्या त्या स्वयंपाकघरात सहा बायका आणि पाच पुरुषांवर सुपरवायझर आहे. दर दिवशी दोनशे सत्तर ताटं. तिनं पहिल्याच दिवशी ओट्यावर लाल पट्टी मारून घेतली. पट्टीच्या अलीकडे मीठ, पलीकडे मीठ नाही, मध्ये तीन हात रिकामा ओटा. त्या रिकाम्या ओट्यावर कुणी चहाचा कप ठेवला तरी तिचा आवाज कॉरिडॉरपर्यंत ऐकू येतो. मेघना मॅडमनी दुसऱ्या स्वयंपाकघरातही तशीच पट्टी मारायला लावली.

त्यांच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या फायली आहेत. मी तपासणीला गेलो होतो तेव्हा रुपालीची फाइल टेबलावर होती. बंद फायलीच्या कडेतूनही पिवळा कोपरा दिसत होता.

हितेंद्रनं नवं दुकान शिवडी नाक्यावर घेतलं आहे. परवा मी झेरॉक्सला गेलो तर एक मुलगी नोकरीचं पत्र छापायला आली होती. नक्षीची चौकट कुठे दिसली नाही. हितेंद्रनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"मॅडम, बोटं ठेवा इथं," तो म्हणाला. "तीन. तुमची."